लेखी प्रश्नाची वाटचाल

पावसाळ्यात लोणावळ्याहून कर्जतकडे गाडी उतरू लागली, की प्रवासी खिडकीशी गर्दी करतात. धुके, धबधबे आणि एकामागून एक येणारे बोगदे यांचे सर्वांनाच कौतुक वाटते. आपल्या धर्मग्रामातील कित्येक जुनी कुटुंबे या रेल्वेच्या नोकरीमुळेच घाटमाथ्यावर आली. परंतु ज्या मजुरांनी हा घाट फोडला, त्यांच्या आयुष्यातील एका प्रसंगाची आठवण आज फारशी कोणाला उरलेली नाही.

भोर घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने ते घेतले होते. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार आणि त्यांच्या हाताखाली हजारो मजूर अशी ती उतरंड होती. पोटकंत्राटदारांनी मजुरी थकवली आणि जानेवारी १८५९ मध्ये संतप्त मजुरांनी घाटात दंगल केली. पुढे चौकशी झाली आणि फॅव्हिएलने त्याच वर्षी कंत्राट सोडले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल हा दुसरा कंत्राटदार आला. तो काही दिवसांतच आजाराने मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, जाणत्या अभियंत्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले. १८६३ साली पंचवीस बोगद्यांचा हा मार्ग वाहतुकीस खुला झाला.

या प्रसंगाकडे केवळ दंगल म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. “आमची मजुरी कोठे अडली?” एवढाच त्या मजुरांचा प्रश्न होता. तो विचारण्यास त्यांना जागा नव्हती. ज्याने उत्तर द्यावयाचे, तो साहेब दूर होता. ज्याने जाब विचारावयाचा, असा प्रतिनिधी अस्तित्वातच नव्हता. म्हणून प्रश्नाने दगडाचे रूप घेतले. दगडाचा पुन्हा शब्द कसा झाला आणि तो शब्द सरकारी दप्तरात कसा शिरला, याचा इतिहास प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने जाणून घेण्यासारखा आहे.

राजसत्तेपुढे उघडलेले तोंड

सत्तेला प्रश्न विचारण्याची रीत इंग्लंडच्या पार्लमेंटात हळूहळू रुजली. १५२३ साली कॉमन्स सभेचे सभापती असलेल्या थॉमस मोर यांनी आठव्या हेन्री राजाकडे विनंती केली, की सभासदांना आपले मत निर्भयपणे मांडू द्यावे. पुढे याच राजाच्या आज्ञेने त्यांचा शिरच्छेद झाला. ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना राजकारणी व राज्यकर्ते यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. सभागृहातील निर्भय शब्द आणि ख्रिस्ती विवेक यांचे नाते इतके जुने आहे.

नोंद झालेला पहिला संसदीय प्रश्न मात्र त्यानंतर दोन शतकांनी, ९ फेब्रुवारी १७२१ रोजी, लॉर्ड्स सभेत अर्ल कौपर यांनी विचारला. साउथ सी कंपनीच्या प्रकरणात हजारो लोक बुडाले होते आणि कंपनीचा खजिनदार देश सोडून पळाला होता. त्याला ब्रुसेल्समध्ये पकडल्याची वार्ता खरी आहे काय, एवढेच कौपर यांनी सरकारला विचारले. आरोप नाही, भाषण नाही. एक वस्तुस्थिती विचारली. सरकारला उत्तर देणे भाग पडले.

आपल्या देशात हा हक्क यावयास १८९२ चा कौन्सिल कायदा उजाडावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी श्रमिकांच्या हक्कांविषयीचे आपले सुप्रसिद्ध परिपत्रक काढले होते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु सामान्य माणसाच्या हलाखीची दखल सत्तेने घेतलीच पाहिजे, हा विचार त्या काळच्या हवेतच होता असे म्हणता येईल.

नव्या कायद्यानुसार कौन्सिलच्या सभासदांना पूर्वसूचना देऊन प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण किती जपून! उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे आणि त्यावर चर्चाही होत नसे. वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी विचारला गेला. तो विचारणारे भिंगाचे राजे हे अयोध्या प्रांतातील जमीनदार होते. मात्र प्रश्न जमीनदारांच्या हिताचा नव्हता. सरकारी अधिकारी फिरतीवर निघाले, की त्यांच्या छावण्यांना सामान पुरवताना खेड्यांतील दुकानदारांना जो त्रास होतो, त्याविषयीचा तो होता. पाहा, प्रश्न केवढा साधा! पण साहेबाच्या छावणीला शिधा पुरवणाऱ्या खेडेगावच्या दुकानदाराचे दुःख त्या दिवशी प्रथमच साम्राज्याच्या दप्तरात प्रश्न म्हणून नोंदले गेले.

१८९७: पुण्याचा धडा

प्रश्न विचारण्याचा हक्क मिळणे ही एक गोष्ट आणि तो पेलणे ही दुसरी. हा धडा महाराष्ट्राला पुण्यातच मिळाला आणि तो फार कडू होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगची साथ उघडकीस आली आणि ती लवकरच पुण्यास पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड साहेबाच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती सुरू झाली. रोग्यांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना छावणीत नेले जाई. देवघरात बूट घालून शिरणे, सामान जाळणे, स्त्रियांची अप्रतिष्ठा करणे अशा तक्रारींनी शहर खदखदू लागले. पुण्यातच असलेल्या पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी ‘बाँबे गार्डियन’ या पत्रात आपल्या सहीनिशी लिहिले. ते प्रकरण थेट कॉमन्स सभेपर्यंत गेले. मुंबई सरकारने त्यांचे म्हणणे चुकीचे ठरवून झटकून टाकले. पण सही करणारी बाई कोण, हे सरकारला पक्के ठाऊक होते. आपल्या आश्रयाखालील मुलींच्या वतीने उघडपणे बोलणारी ही ख्रिस्ती स्त्री त्या वर्षीच्या इतिहासात उठून दिसते.

त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले होते. वय अवघे एकतीस. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. पुण्यातील मित्रांची पत्रे त्यांना येत होती. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने जीव दिला, असे त्यांतून त्यांना कळले. त्यांनी ही हकीकत पार्लमेंटच्या काही सभासदांना सांगितली आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रातही ती प्रसिद्ध झाली. कॉमन्स सभेत भारतमंत्र्यांना प्रश्न विचारला गेला. भारतमंत्र्यांनी मुंबईच्या गव्हर्नरकडे विचारणा केली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ नाकारले. मध्यंतरी, २२ जूनच्या रात्री, चाफेकर बंधूंनी पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. वातावरण पेटलेले होते.

जुलै महिन्याच्या अखेरीस गोखले मुंबईस परतले. ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्याकडे त्यांनी पुरावा मागितला. एकही जण पुढे येण्यास तयार होईना. गोखल्यांपुढे दोनच मार्ग होते: पत्रलेखकांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घ्यावी, किंवा सारा दोष स्वतःकडे घ्यावा. त्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी सरकारची आणि सोजिरांची जाहीर, बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रा म्हटले. ही जखम त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिली.

आता विचार करा. गोखल्यांना आलेली पत्रे सारीच खोटी होती काय? तसे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यापाठी उभा राहणारा साक्षीदार नव्हता. भीती होती, अब्रूचा धाक होता, “आपण कशाला मध्ये पडा” ही वृत्ती होती. परिणामी प्रश्न कोसळला आणि प्रश्न विचारणारा त्याखाली सापडला. सरकारचा त्यामुळे फायदाच झाला.

गोखले मात्र तेथे थांबले नाहीत. माफीनंतर ते प्लेगच्या मदतकार्यात स्वयंसेवक म्हणून राबले. १८९९ च्या अखेरीस मुंबईच्या कायदेकौन्सिलात आणि १९०१ च्या अखेरीस वरिष्ठ कौन्सिलात ते निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर जे भाषण केले, त्यात सरकारच्याच आकड्यांनी सरकारला पेचात धरले: तिजोरीत शिल्लक उरते ती देश सुखी आहे म्हणून नव्हे, तर कर जास्त आहेत म्हणून. मिठावरील कराविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. गरिबाच्या भाकरीवरील मीठ स्वस्त झाले. १८९७ मध्ये पुराव्याअभावी मान खाली घालणारा हाच तो माणूस! त्याने संतापाची भाषा सोडली आणि आकड्यांची भाषा आत्मसात केली.

मावळचे पाणी, मावळचा प्रश्न

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याचा हक्क दिला आणि १९१९ च्या सुधारणांनी तो इतर सभासदांनाही मिळाला. परंतु मतदानाचा हक्क मूठभर करदात्यांपुरताच होता. मावळच्या डोंगरातील भातशेती करणाऱ्या कुणब्याचा प्रतिनिधी कौन्सिलात कोठून असणार?

नेमक्या याच काळात आपल्या डोंगरांत धरणे उभी राहत होती. लोणावळ्याच्या परिसरात वळवण आणि शिरवता येथे टाटा कंपनीने पाणी अडवले आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढचे मोठे धरण शेजारच्या मुळशीत, नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ, बांधावयाचे ठरले. तेथील मावळे आपल्या शेतांसाठी आणि घरांसाठी उभे राहिले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट हे त्याचे नेते होते. १९२४ पर्यंत हा लढा चालला. अखेरीस धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली.

भोर घाटातील मजुरांप्रमाणेच मुळशीच्या शेतकऱ्यांचाही प्रश्न सत्तेच्या दप्तरात मावला नाही. तो बांधावर आला. स्वातंत्र्यानंतर आपल्याच मावळात, ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने नेण्याविरुद्ध शेतकरी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्या घटनेचा न्यायनिवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. एवढेच म्हणावयाचे आहे, की कागदावर उत्तर न मिळालेला प्रश्न नाहीसा होत नाही. तो वाट पाहतो आणि कधी तरी रस्त्यावर येतो. लोकशाहीत लेखी प्रश्नाचे मोल आहे ते यासाठी.

स्वतंत्र भारतातील प्रश्नोत्तरे

आपल्या राज्यघटनेने मंत्रिमंडळाला सभागृहास सामुदायिकरीत्या जबाबदार ठरवले. ही जबाबदारी रोजच्या रोज तपासण्याचे साधन म्हणजे प्रश्न. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. दोनशे तीस अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नांचा गाजावाजा होतो. पण खात्यांची खरी झाडाझडती पुष्कळदा त्या मुक्या अतारांकित प्रश्नांतूनच होते. कारण किती, कधी, कोणत्या कारणास्तव याचे उत्तर कागदावर द्यावे लागते आणि ते कायमचे दप्तरी राहते.

एका प्रश्नाची ताकद किती असू शकते, याचे उदाहरण १९५७ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. लोकसभेतील प्रश्नोत्तरांतून हे प्रकरण बाहेर आले, फिरोज गांधी यांनी ते धसास लावले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

येथे इतिहासाचा एक विलक्षण योग आहे. १९५१ साली मुदगल नावाच्या सभासदाने मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठी संसदेत प्रश्न विचारल्याचे उघड झाले, तेव्हा चौकशी समितीचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी होते. २००५ साली असेच प्रकरण पुन्हा घडले आणि अकरा सभासदांची हकालपट्टी झाली; त्यांत महाराष्ट्राचे सभासदही होते. प्रश्न विकला जाऊ शकतो, तो त्याला किंमत आहे म्हणूनच. पवित्र वस्तूचाच बाजार पापी ठरतो.

प्रश्नांचा आवाज बंद करण्याचे प्रसंगही आले. आणीबाणी पुकारल्यानंतर, जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तरे स्थगित झाली. संसदीय नियमांचा ज्यांच्याइतका अभ्यास क्वचितच कोणी केला असेल, ते पुण्याचे मधू लिमये तेव्हा तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा त्यांनी जनतेने दिलेल्या मुदतीपलीकडे सभासदत्व नको म्हणून १९७६ मध्ये राजीनामा दिला. करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. त्या वेळीही लेखी उत्तरांची प्रथा मात्र टिकली.

उत्तरातही पळवाटा असतात. “माहिती गोळा करण्यात येत आहे” हे वाक्य कोणाच्या परिचयाचे नाही? म्हणूनच १९५३ साली लोकसभेने सरकारी आश्वासनांची नोंद ठेवणारी समिती नेमली. दिलेले आश्वासन साधारणतः तीन महिन्यांत पुरे झाले पाहिजे, असा दंडक आहे. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे.

विशेषणे गाळा

लोकसभेच्या नियमांत प्रश्न कसा असावा याचे पथ्य सांगितले आहे. त्यात युक्तिवाद नसावा, तर्क नसावा, उपरोध नसावा, आरोप नसावा, विशेषणे नसावीत. आणि त्यात एखादे विधान असेल, तर त्याच्या खरेपणाची जबाबदारी विचारणाऱ्या सभासदाने घ्यावी. हा नियम वाचताना प्रस्तुत लेखकाला १८९७ चे गोखले आठवतात आणि स्वतःची फजितीही आठवते.

काही वर्षांपूर्वी एका विधवा आजींचे कुटुंब निवृत्तिवेतन एका सरकारी खात्यात अडकले होते. मिस्सा संपल्यावर त्या दर रविवारी दाराशी उभ्या राहत. “फादर, काय झालं माझ्या कामाचं?” एवढेच त्या विचारीत. मी त्या खात्याला तीन पत्रे लिहिली. अन्याय, निर्दयता, गरिबांचा तळतळाट असे सर्व शब्द त्यांत होते. खरे सांगायचे तर ती पत्रे नव्हती, प्रवचने होती. एकाचेही उत्तर आले नाही. मग आपल्याच धर्मग्रामातील एका निवृत्त कारकुनाने ती पत्रे वाचली आणि ते हसून म्हणाले, “फादर, यात तारीख कुठे आहे?” त्यांनी आजींची पिशवी उलटी केली, कागद लावले, अर्जाचा जावक क्रमांक शोधला आणि अर्ध्या पानाचा मजकूर तयार केला: अमुक तारखेचा अर्ज कोणाकडे आहे, कोणत्या कारणास्तव थांबला आहे आणि निर्णय केव्हा होईल? ते पत्र आम्ही लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात दिले. तेथून खात्याकडे विचारणा गेली. काही आठवड्यांत लेखी उत्तर आले आणि त्यात तारीख होती. आजींचे वेतन सुरू झाले. माझ्या प्रवचनांवरही त्याचा थोडा इष्ट परिणाम झाला असावा.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराने नागरिकाला स्वतःच विचारण्याचा मार्ग दिला, हे खरे. तरी सभागृहातील प्रश्नाचे स्थान वेगळे आहे, कारण तेथे उत्तर कारकुनाचे नसते, मंत्र्याचे असते. कोणता प्रश्न कोठे न्यावा, एवढे मात्र आपणास ठाऊक पाहिजे. रेल्वे, टपाल, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी खासदारांच्या. जमिनीचे उतारे, पाटबंधारे, पुनर्वसन, पोलीस या गोष्टी आमदारांच्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मावळ हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ झाला आहे आणि २००९ पासून आपला खासदार याच नावाने निवडला जातो. मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहणारे आपण, पुढील पाच वर्षांत किती वेळा त्याच्या हाती एखादी नेमकी, तारीखवार, सहीची हकीकत देतो?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली श्रद्धावंतांना सार्वजनिक जीवनात सहभागी होण्याचे आवाहन केले. त्याचा अर्थ निवडणूक लढवणे असाच घेण्याचे कारण नाही. साक्षीदार होणे हाही सहभागच आहे. १८९७ मध्ये पुण्यात उणीव होती ती वक्त्याची नव्हे, सहीची.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने एका विधवेचा दाखला दिला आहे. न्यायाधीश देवाला भीत नव्हता आणि माणसांची पर्वा करीत नव्हता. तिच्याजवळ ना पैसा, ना वशिला. ती फक्त पुन्हा पुन्हा येत राहिली आणि तिला न्याय मिळाला. हा दाखला प्रार्थनेविषयी आहे, हे आपण जाणतो. पण माझ्या चर्चच्या दाराशी दर रविवारी उभ्या राहणाऱ्या त्या आजींना पाहिल्यापासून मला तो अधिक नीट कळू लागला आहे. त्या कधी ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारला.